शाळेत कुटुंबजीवन शिक्षण: पहिल्या तासिकेआधीचे बारा आठवडे आणि त्यानंतर

बहुतेक शाळांमध्ये कुटुंबजीवन शिक्षण एका व्याख्यानानं सुरू होतं आणि त्याच व्याख्यानानं संपतं. बाहेरून डॉक्टर येतात, सभागृहात दोनशे मुलं बसतात, तासभर आकृत्या दाखवल्या जातात, शेवटी "काही शंका?" असं विचारलं जातं आणि एकही हात वर होत नाही. अहवालात उपक्रमाची नोंद होते. दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीला खरंच काही विचारायचं असतं, तेव्हा डॉक्टर गेलेले असतात आणि वर्गशिक्षकांना या विषयावर बोलायची सवय नसते. कार्यक्रम फसतो तो इथे.

म्हणून इथे धड्यांच्या आधी माणसांची तयारी घेतली आहे: मुलानं काही सांगितलं तर ऐकणार कोण, शिकवणार कोण, पालकांना आधी काय दाखवायचं. ही तयारी नीट करायला साधारण १२ आठवडे लागतात. ती टाळली तर चांगल्यातला चांगला अभ्यासक्रमही पहिल्या अवघड प्रश्नालाच अडखळतो.

यात नेमकं काय येतं

कुटुंबजीवन शिक्षण म्हणजे लैंगिक शिक्षणाला दिलेलं सौम्य नाव, असं काहींना वाटतं. काहींना ते घरकामाचे आणि शिस्तीचे धडे वाटतात. दोन्ही समज अपुरे आहेत. मूल ज्या घरात वाढतं तिथली नाती, कामांची वाटणी, पैसा, भांडण आणि समेट, आजारपण, मृत्यू, घरातलं व्यसन. वयात येताना शरीरात आणि मनात होणारे बदल. मैत्री, आकर्षण, संमती. पुढे जोडीदार निवडणं, मूल होऊ देणं किंवा न होऊ देणं. आणि या सगळ्यात स्वतःला सुरक्षित ठेवणं, एवढा त्याचा आवाका आहे.

आराखडा शून्यापासून तयार करत बसू नका. युनेस्कोनं संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांबरोबर २००९ मध्ये काढलेली आणि २०१८ मध्ये सुधारलेली मार्गदर्शिका हाताशी ठेवा. तिच्यात आठ विषयसूत्रं आहेत आणि प्रत्येक सूत्र ५ ते ८, ९ ते १२, १२ ते १५ आणि १५ ते १८ व त्यापुढे अशा चार वयोगटांत पायरीपायरीनं उलगडलं आहे. त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे: पहिलं सूत्र नात्यांचं, शरीररचना आणि वाढ सहाव्या क्रमांकावर. शाळेनंही तोच क्रम धरावा. पहिल्याच आठवड्यात प्रजननसंस्थेची आकृती फळ्यावर आली की मुलं खिदळतात, शिक्षक अवघडतात आणि पुढच्या प्रत्येक तासाला तोच रंग चढतो. आधी मैत्री, भांडण, घरातली कामं यांवर मोकळेपणानं बोलायची सवय लागली, की शरीराचा विषय निघतो तेव्हा वर्ग तयार असतो.

हा विषय 'आरोग्य' किंवा 'जीवनकौशल्यं' या नावाखाली गुपचूप सरकवण्याचा मोह आवरा. गर्भनिरोधनाचं पान मुलाच्या दप्तरात पालकांना अचानक सापडलं, तर त्यांना त्या पानापेक्षा लपवाछपवी जास्त खुपते आणि गेलेला विश्वास परत येत नाही.

आठवडा १ ते ३: लेखी धोरण

दोन पानांचं धोरण पुरतं, पण ते लेखी हवं आणि त्यावर मुख्याध्यापक व व्यवस्थापनाची सही हवी. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात: कोणत्या वयोगटाला काय शिकवणार, वर्षात किती तासिका, कोण शिकवणार, पालकांनी हरकत घेतली तर काय करायचं, मुलानं अत्याचाराबद्दल सांगितलं तर कोणाकडे जायचं आणि बाहेरचा पाहुणा बोलवायचा तर कोणत्या अटींवर. पाहुण्यांसाठी दोन अटी ठेवा: सगळं साहित्य आधी शाळेला दाखवायचं आणि पूर्ण वेळ वर्गशिक्षक वर्गातच बसणार.

धोरणाचा खरा उपयोग कळतो तो तक्रार आल्यावर. एखादा पालक चिडून आला आणि शिक्षकाच्या हातात सहीचा कागद नसेल, तर तो शिक्षक एकटा पडतो. एकदा एकटा पडलेला शिक्षक तो धडा पुन्हा शिकवत नाही आणि बाकीचेही शहाणे होतात.

तासिकांबाबत हात आखडता घेऊ नका. प्रत्येक इयत्तेला वर्षात किमान १२ तासिका, प्रत्येकी ४५ ते ५० मिनिटांची, आणि शक्यतो आठवड्याला एक. वेळापत्रकात त्यांना स्वतःची जागा द्या. 'मोकळा तास मिळेल तेव्हा' असं ठरवलं की परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा यांत आधी हाच तास जातो. दिवसाची शेवटची तासिकाही टाळा. मनातलं बोलायला उशीर लागतो आणि घंटा झाली की शिक्षकाजवळ रेंगाळायला मुलाला वेळच उरत नाही.

आठवडा ३ ते ५: मुलानं सांगितलं तर ऐकणार कोण

स्पर्श, सुरक्षितता, घरातली मारहाण यांवर वर्गात बोललात की कधी ना कधी एखादं मूल पुढे येऊन सांगतंच. ही शक्यता धरूनच तयारी करायची. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १९ वं कलम मुलांना हिंसा, दुर्लक्ष आणि लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकतं. त्यापुढे शाळेवर कोणतं कायदेशीर बंधन आहे, कोणाला आणि किती वेळात कळवायचं, हे लागू असलेल्या कायद्यातून वाचून घ्या आणि तो उतारा धोरणाला जोडा.

शाळेत दोन जबाबदार व्यक्ती नेमा, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष. दोन अशासाठी की तक्रार त्यांतल्याच एकाबद्दल असू शकते. त्यांची नावं आणि बसण्याची जागा प्रत्येक वर्गात लिहून लावा. ती जागा अशी हवी की तिथे गेलेलं मूल सगळ्या शाळेला दिसणार नाही, आणि दाराला काच किंवा उघडी खिडकी हवी.

मूल बोलायला लागलं की काय करायचं, हे फक्त या दोघांनी शिकून भागत नाही. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ते माहीत हवं, कारण मूल नेमलेल्या व्यक्तीकडेच जाईल असं नाही. ते त्याला जवळचं वाटणाऱ्या माणसाकडे जातं.

ऐकताना हातातलं काम बाजूला ठेवा आणि मुलाच्या उंचीला बसा. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही," एवढं म्हणा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागतं. त्याऐवजी "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे एका व्यक्तीला सांगावं लागेल, कोणाला ते मी तुला सांगते" असं म्हणा. "का गेलीस?", "ओरडली का नाहीस?" असे प्रश्न नकोत, त्यांतून दोष मुलावर येतो. खोदून विचारू नका. चौकशी करणं शाळेचं काम नाही, आणि तेच तेच चार जणांना सांगायला लावलं की मूल गप्प होतं किंवा हकिगत बदलते. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून, त्याच दिवशी लिहून काढा. "अयोग्य वर्तन केलं" असं स्वतःच्या भाषेत लिहू नका. आणि ज्याच्याबद्दल सांगितलं आहे त्याला, किंवा त्याच्याच घरातल्या माणसांना, खात्री करून घेण्यासाठी फोन लावू नका. ही चूक चांगल्या हेतूनंच होते आणि त्यामुळे ते मूल त्याच संध्याकाळी जास्त धोक्यात येतं.

आठवडा ५ ते ८: शिक्षक

हा विषय ज्याच्याकडे तासिका कमी आहेत त्याच्या गळ्यात घालू नका. विज्ञानाच्या शिक्षकाकडेच जावा असंही नाही. ज्याच्याशी मुलं मधल्या सुट्टीत आपण होऊन बोलतात, जो कोणाची टिंगल करत नाही आणि ज्याला "मला माहीत नाही, बघून सांगतो" म्हणायला लाज वाटत नाही, तो शिक्षक निवडा. स्वखुशीनं पुढे आलेलाच घ्या. प्रत्येक शाळेत किमान चौघं असावेत. एकाची बदली झाली की कार्यक्रम बसतो, हे नेहमीचं दुखणं आहे.

प्रशिक्षणाला सलग तीन दिवस ठेवा आणि पहिल्या सत्रात दर महिन्याला दोन तासांची बैठक. तीन दिवसांतला पहिला अर्धा दिवस फक्त शब्दांसाठी. योनी, लिंग, वृषण, मासिक पाळी, वीर्य, संभोग, हस्तमैथुन हे शब्द प्रत्येकानं उभं राहून, नेहमीच्या आवाजात, वाक्यात वापरून म्हणायचे. पहिल्या फेरीत आवाज खाली जातो, कोणी हसतं, कोणी संस्कृताळ शब्दांच्या आड लपतं. चौथ्या-पाचव्या फेरीला शब्द साधे होतात. वर्गात शिक्षकाचा आवाज जिथे खाली जातो तिथे लाजायचं असतं, हे मुलं तेवढ्यातच शिकतात. तेव्हा हा अर्धा दिवस वाया जात नाही.

उरलेल्या वेळात वस्तुस्थिती आणि मत वेगळं काढायचा सराव करा. "पाळी किती दिवस असते?" याला एक उत्तर आहे. "लग्न कोणत्या वयात करावं?" याला कायद्यानं ठरवलेलं किमान वय हे एक उत्तर आहे, त्यापुढे घराघरांची वेगवेगळी मतं आहेत. शिक्षकानं पहिलं ठामपणे सांगावं, दुसऱ्याबद्दल मतं मांडून दाखवावीत आणि "घरीही विचारून बघा" म्हणावं. "सर, तुम्ही कधी…?" या प्रश्नाचं उत्तरही आधीच ठरवून ठेवा: "माझ्या घरच्या गोष्टी मी वर्गात सांगत नाही आणि तुम्हालाही विचारणार नाही. तो नियम सगळ्यांना सारखा आहे."

आठवडा ८ ते १०: पालक

पालकसभा एक नाही, दोन ठेवा, वेगवेगळ्या वेळी, म्हणजे कामावर जाणाऱ्यांना एक तरी गाठता येईल. दीड तास पुरतो. पहिली पंधरा मिनिटं पालकांनाच लिहायला द्या: "वयात येताना मला कोणी काय सांगितलं असतं तर बरं झालं असतं?" कागदावर नाव नको. हे कागद वाचून दाखवले की सभेचा सूरच बदलतो. बऱ्याच जणांना आठवतं की आपल्याला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

मग प्रत्यक्ष साहित्य दाखवा. सारांश नको, मुलांच्या हातात पडणारी तीच पानं, तीच चित्रं टेबलांवर मांडून ठेवा आणि पालकांना वीस मिनिटं चाळू द्या. नमुन्याचा एक धडा पालकांवरच घ्या. वर्षभर हे साहित्य कार्यालयात कोणालाही बघायला मिळेल असं जाहीर करा. नंतर एखाद्या पानाचा फोटो फिरायला लागला, तर आधीचं आणि नंतरचं पान दाखवता येतं, आणि बोलायला शाळेची एकच ठरलेली व्यक्ती असली की चार तोंडी चार गोष्टी होत नाहीत.

एक प्रश्न ठरलेला असतो: "हे सांगितलं तर मुलं करून बघणार नाहीत का?" तो विचारणाऱ्याला मागासलेला ठरवू नका, ती मुलाची काळजी आहे. उत्तर सरळ द्या. हा प्रश्न अनेक देशांत तपासला गेला आहे. अशा शिक्षणानं मुलं शरीरसंबंधांकडे लवकर वळतात असं आढळलेलं नाही. काही कार्यक्रमांत उलट सुरुवात लांबली, आणि जे संबंध ठेवत होते त्यांच्यात गर्भनिरोधकांचा वापर वाढला. "लग्नाआधी नाही" एवढंच शिकवणाऱ्या कार्यक्रमांना तसं यश मिळालेलं नाही. स्वीडननं १९५५ मध्ये हे शिक्षण सगळ्या शाळांना सक्तीचं केलं, तेव्हा हा प्रयोग काही कालचा नाही.

हरकत घेणाऱ्या पालकांना एखाद्या घटकापुरती सूट द्यायची की नाही, हे धोरणात आधीच लिहा. सुरक्षिततेच्या धड्यांना मात्र सूट ठेवू नका. ज्या घरात मुलाला त्रास होतो आहे तेच घर सूट मागण्याची शक्यता असते.

आठवडा १० ते १२: मुलांचे प्रश्न आणि पहिली चाचणी

अभ्यासक्रम पक्का करण्याआधी मुलांना काय जाणून घ्यायचं आहे ते विचारा. त्यासाठी प्रश्नपेटी, पण ती काटेकोरपणे. सगळ्यांना एकाच मापाची चिठ्ठी आणि एकाच रंगाची पेन्सिल द्या. सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं. ज्याला प्रश्न नाही त्यानं फळ्यावरचं ठरलेलं वाक्य उतरवायचं, म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही हे शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठी दोन घड्या घालून पेटीत. पेटी वर्गातच उघडून चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत. घाईत नेमकं तेच केलं जातं, आणि एखाद्या चिठ्ठीत कोणाचं तरी नाव निघालं की सगळंच हाताबाहेर जातं.

शिक्षकानं चिठ्ठ्या घरी नेऊ नयेत. शाळेतच, दुसऱ्या प्रशिक्षित शिक्षकाबरोबर बसून त्यांचे चार गठ्ठे करावेत. माहिती विचारणारे प्रश्न पहिल्यात. "चांगलं की वाईट" विचारणारे दुसऱ्यात. चिडवायला किंवा धक्का द्यायला लिहिलेले तिसऱ्यात. त्यांतही बहुतेकदा खरी शंका दडलेली असते, तेव्हा शिव्या गाळून प्रश्न उरतो का ते बघा. आणि ज्यांतून कोणाला तरी त्रास होत असल्याचा वास येतो ते चौथ्यात.

समजा तीन चिठ्ठ्या अशा आहेत. "हस्तमैथुन केल्यानं अशक्तपणा येतो का?" हा सरळ पहिल्या गठ्ठ्यातला. उत्तर असं: "नाही. त्यानं अशक्तपणा येत नाही, दृष्टी जात नाही, वाढ खुंटत नाही. बरेच जण करतात, बरेच जण करत नाहीत, दोन्ही ठीक. ही खासगी गोष्ट आहे." चार वाक्यांत संपवा, लांबण लावली की शिक्षक अवघडलाय हे मुलांना कळतं. दुसरी चिठ्ठी: "मुलगी नाही म्हणते तेव्हा तिला खरं हो म्हणायचं असतं का?" उत्तर: "नाही म्हणजे नाही. गप्प बसणं म्हणजेही हो नाही." पण एवढ्यावर सोडू नका, यावर एक अख्खी तासिका घ्या. तिसरी: "माझ्या मैत्रिणीला तिचे काका रात्री उठवतात. तिनं काय करावं?" ही चौथ्या गठ्ठ्यातली, आणि 'मैत्रीण' ही बहुतेकदा लिहिणारी स्वतःच असते. चिठ्ठी त्याच दिवशी नेमलेल्या व्यक्तीकडे द्या. अक्षर वर्गात पडताळत फिरू नका. पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला सांगा: "कोणी रात्री झोपेतून उठवून त्रास देत असेल तर त्यात त्या मुलाची किंवा मुलीची काहीच चूक नसते. आपल्या शाळेत या दोन व्यक्तींना कधीही सांगता येतं, त्या इथे बसतात." हेच शब्द दोन-तीन आठवड्यांत पुन्हा म्हणा. त्या मुलीला पुढे यायला वेळ लागू शकतो.

शेवटच्या आठवड्यात एका तुकडीवर दोन धडे घेऊन बघा. दुसऱ्या शिक्षकानं मागे बसून फक्त दोन गोष्टी लिहायच्या: वर्ग कुठे गप्प झाला आणि सूचना कुठे कळली नाही.

एक तासिका जवळून: चोवीस तासांचं वर्तुळ

घरातल्या कामाच्या वाटणीवरचा हा धडा १० ते १४ वयाला चांगला जमतो. ४० मुलांचे पाच-पाच जणांचे आठ गट करा. प्रत्येकाला एक कागद, त्यावर २४ भाग पाडलेली दोन वर्तुळं आणि तीन रंगांचे खडू द्या. आदल्या दिवशीच सांगा: घरातली दोन मोठी माणसं निवडा आणि काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्यांनी प्रत्येक तासाला काय केलं ते त्यांनाच विचारून आणा. 'रोज काय करतात' असं विचारू नका. रोजचं विचारलं की मुलं आदर्श चित्र काढतात. कालचं विचारलं की खरं येतं.

वर्गात पहिली पाच मिनिटं रंग समजावून देण्यात जातात: पैसे मिळणारं काम, पैसे न मिळणारं काम, आराम. पुढची पंधरा मिनिटं रंगवणं आणि गटात मोजणं. मग पंधरा मिनिटं चर्चा, तीनच प्रश्नांवर: कोणाच्या वर्तुळात आरामाचा सर्वांत मोठा सलग तुकडा आहे? एकाच तासात दोन कामं कोणाची आहेत? ते माणूस चार दिवस आजारी पडलं तर त्याचे तुकडे कोण उचलेल? दुसऱ्या प्रश्नाला वर्ग हमखास अडतो, कारण एका तासाला एकच रंग पुरत नाही: स्वयंपाक करता करता अभ्यास घेणं, बाळ सांभाळता सांभाळता कपडे. तिथे थांबा, घाई करू नका. आधी "ती तर घरीच असते" म्हणणारं मूल आपलाच कागद निरखायला लागतं. शेवटची दहा मिनिटं: येत्या आठवड्यात एक तुकडा मी स्वतःकडे घेईन, तो कोणता ते लिहायचं. पुढच्या तासाला तो घेतला का एवढंच विचारा. शाबासकीचं प्रदर्शन नको.

इथे एक काळजी घ्या. "आई आणि बाबा यांची वर्तुळं काढा" असं कधीही म्हणू नका. वर्गात एकच पालक असलेलं, आजीकडे राहणारं, वसतिगृहातलं, नुकतंच कोणी गमावलेलं मूल असतंच. वंशवृक्ष काढायला लावणं, कुटुंबाचा फोटो आणायला सांगणं यातही तोच धोका आहे. 'ज्यांच्याबरोबर राहतोस ती माणसं' हा शब्दप्रयोग सगळ्यांना सामावून घेतो.

त्याच कारणासाठी अवघड विषय नेहमी काल्पनिक पात्रावर घ्या: "एका मुलाचे वडील दारू पितात. तो शाळेत कसा येत असेल?" स्वतःच्या घराबद्दल बोलायला कोणालाही लावायचं नाही आणि 'पुढे जा' म्हणण्याची मुभा प्रत्येकाला कायम ठेवायची. मूल भावनेच्या भरात स्वतःचं सांगू लागलं तर हळुवार थांबवा: "हे महत्त्वाचं आहे, तास संपल्यावर मी थांबते, तेव्हा बोलू." वर्गात बोललेलं बाहेर जाणार नाही अशी हमी शिक्षक देऊ शकत नाही, चाळीस तोंडं त्याच्या हातात नाहीत.

शरीराचे धडे

वेळ चुकवू नका. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात होते. स्तनांची वाढ सुरू झाल्यावर पहिली पाळी येईपर्यंत दोन-अडीच वर्षं जातात. म्हणजे पाळीचा धडा ९ व्या-१० व्या वर्षी हवा. तेराव्या वर्षी घेतला तर अर्ध्याअधिक मुलींसाठी ते वरातीमागून घोडं होतं.

आकडे सांगा, कारण आकड्यांनी भीती कमी होते. पहिली काही वर्षं दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर असू शकतं. रक्तस्राव २ ते ७ दिवस. पॅड भरलं नसलं तरी ४ ते ६ तासांनी बदलायचं. तास-दोन तासांतच पूर्ण भरत असेल, सात दिवसांहून जास्त चालत असेल किंवा दुखण्यामुळे शाळा बुडत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. मुलग्यांना झोपेत वीर्य बाहेर येणं, आवाज फुटणं याबरोबर आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा: वयात येताना बऱ्याच मुलग्यांच्या छातीला एका किंवा दोन्ही बाजूंना थोडी सूज येते, दुखतं आणि बहुतेकांचं ते दोनेक वर्षांत आपोआप जातं. हे कोणी सांगत नाही. मुलं पोहायला जाणं बंद करतात, खांदे वाकवून चालतात आणि कारण कोणालाच कळत नाही.

मुलं-मुली एकत्र की वेगळी, यावर आमचं मत असं: माहिती एकत्र द्या, प्रश्न वेगवेगळे घ्या, शेवट पुन्हा एकत्र करा. फक्त मुलींना बोलावून पाळीचा धडा घेतला की मुलग्यांना एवढंच कळतं की काहीतरी लपवायचं आहे, आणि चिडवणं तिथूनच सुरू होतं.

हा धडा घेण्याआधी शाळेची स्वच्छतागृहं बघून या. दाराला आतून कडी, पाणी, साबण, झाकणाची कचरापेटी आणि कोणाला न विचारता घेता येतील अशी पॅडं, एवढं नसेल तर आधी ते करा. फळ्यावर स्वच्छता शिकवायची आणि कडी नसलेलं दार मैत्रिणीला धरून उभं राहायला सांगायचं, यातला विरोध मुलींना रोज दिसतो.

सुरक्षित स्पर्श शिकवताना 'चांगला' आणि 'वाईट' हे शब्द अपुरे पडतात. काही त्रासदायक स्पर्श मुलाला वाईट वाटत नाहीत, गोंधळात टाकतात. मग मूल स्वतःलाच दोषी धरतं. त्यापेक्षा नियम साधा ठेवा: खासगी अवयवांना हात लावणारा, ते दाखवणारा, त्यांचा फोटो मागणारा आणि "हे गुपित ठेव" म्हणणारा कोणीही असो, त्याबद्दल मोठ्यांना सांगायचं. अत्याचार करणारे बहुतेकदा ओळखीचेच असतात, त्यामुळे फक्त 'अनोळखी माणसापासून सावध' शिकवून मुलं सुरक्षित होत नाहीत. वाढलेले आजार आणि जखमांची भडक छायाचित्रं दाखवणंही टाळा. भीतीनं मुलं डोळे मिटतात आणि नेमकी गरज पडते तेव्हा दवाखान्याकडे फिरकत नाहीत.

अपंग मुलांना या तासांतून वगळू नका. त्यांच्यावरच्या अत्याचाराचा धोका जास्त असतो आणि माहिती सर्वांत कमी. दृष्टिहीन मुलांना हाताळायला प्रतिकृती, कर्णबधिर मुलांना ठरलेल्या खुणा, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना छोटी वाक्यं आणि तोच धडा तीन-चार वेळा.

पहिलं वर्ष संपताना

गुण देऊ नका. सुरुवातीला आणि शेवटी तेच दहा प्रश्न, नावाऐवजी मुलानं स्वतः ठरवलेल्या खुणेनं, म्हणजे दोन्ही कागद जुळवता येतात. त्यात दोन प्रश्न हे असावेत: "त्रास झाला तर शाळेत कोणाला सांगशील?" आणि "सांगितल्यावर तुझ्यावर विश्वास ठेवतील असं वाटतं का?" पहिल्याचं उत्तर धड्यांनी सुधारतं. दुसऱ्याचं उत्तर शाळेनं आलेल्या तक्रारींचं काय केलं त्यावर ठरतं.

पहिल्या वर्षी चिडवणं, मारहाण, अत्याचार यांच्या तक्रारी बहुधा वाढतात. व्यवस्थापनाला हे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी सांगून ठेवा. नाहीतर "हा विषय सुरू केल्यापासून शाळेत हे प्रकार वाढले" असा निष्कर्ष निघतो आणि कार्यक्रम बंद पडतो. प्रकार आधीही होते, सांगायला जागा नव्हती.

शेवटी एक फाइल तयार ठेवा: धोरण, नेमलेल्या व्यक्तींची नावं, तासिकांचं वेळापत्रक, मुलांचे निवडक प्रश्न आणि दिलेली उत्तरं, कोणत्या धड्यात वर्ग गप्प झाला त्याच्या नोंदी. वैयक्तिक तक्रारींची कागदपत्रं यात नकोत. ती वेगळ्या, कुलूपबंद कपाटात. बदलून येणाऱ्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात ही फाइल द्या आणि पहिले दोन तास जुन्या शिक्षकाबरोबर वर्गात बसू द्या.